लाल गोळीमागची डॉक्टर

गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत गरोदर बाईची नोंद झाली की आशाताई तिच्या हातात लाल गोळ्यांची पट्टी देते. काही घरांत ही पट्टी नेमाने रिकामी होते. काही घरांत मात्र ती कुडाच्या भिंतीला खोचलेली तशीच राहते. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, बाळ पोटात फार वाढेल आणि बाळंतपण अडेल, अशी कारणे घरात सांगितली जातात. ‘पोटुशी बाईला अशक्तपणा असायचाच’ असे म्हणून घरातली मोठी माणसेही विषय संपवतात.

या गोळीत दोन घटक असतात. एक लोह आणि दुसरे फोलिक ॲसिड. रक्तासाठी लोह लागते हे वैद्यकाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. दुसऱ्या घटकाचा शोध मात्र शंभर वर्षांपेक्षाही कमी जुना आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच राज्यात, मुंबईच्या परळमध्ये झाली. तो माग काढणाऱ्या डॉक्टर होत्या लुसी विल्स. अशक्त, फिकट पडलेल्या गरोदर बायकांकडे पाहून त्यांनी एक साधा प्रश्न विचारला : या बायका रोज काय जेवतात? त्या प्रश्नाने पुढे जगभरातल्या गरोदर स्त्रियांच्या औषधोपचाराची दिशा बदलली.

वनस्पतिशास्त्राकडून वैद्यकाकडे

लुसी यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घर सुखवस्तू होते. कुटुंबाचा धारदार अवजारे बनवण्याचा कारखाना होता. वडील विज्ञानाचे पदवीधर, तर आई बर्मिंगहॅममधल्या एका नामांकित डॉक्टरांची मुलगी. मुलींनी शिकावे, असे मानणारे हे घर होते. चेल्टनहॅमच्या मुलींच्या नावाजलेल्या शाळेतून लुसी १९०७ मध्ये केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात गेल्या. तिथे त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेतले. १९११ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण झाला, पण पदवी मिळाली नाही. त्या काळी केंब्रिजमध्ये मुलींना परीक्षा देता येत असे, पदवी मात्र दिली जात नसे. ही अडचण पुढे १९४८ पर्यंत कायम राहिली.

त्याच वर्षी वडील वारले. दोन वर्षांनी थोरली बहीण एडिथ अवघ्या सव्विसाव्या वर्षी गेली. लागोपाठच्या या आघातांनंतर लुसी आईबरोबर श्रीलंकेला, म्हणजे तेव्हाच्या सिलोनला, जाऊन आल्या. मग धाकट्या भावाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेल्या. १९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले, तेव्हा त्या तिथेच होत्या. भाऊ सैन्यात भरती झाला आणि लुसी यांनी केप टाउनच्या रुग्णालयात काही आठवडे शुश्रूषेचे काम केले. मायदेशी परतल्यावर १९१५ च्या जानेवारीत त्यांनी लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले. मुंबईच्या डॉ. रखमाबाई आधीच्या शतकात याच महाविद्यालयात शिकून आल्या होत्या.

१९२० मध्ये लुसी डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांचे वय ३२ होते. त्या काळच्या मानाने हा उशीरच. दवाखाना थाटून पैसा कमावण्याचा मार्ग त्यांना खुला होता. त्याऐवजी त्यांनी लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात संशोधन आणि अध्यापन पत्करले. गरोदरपणात शरीरात काय काय बदलते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय बनला. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा नमुना पाहून आजाराचा अंदाज घेण्याचे कसब त्यांनी इथे कमावले.

परळच्या प्रयोगशाळेत

१९२० च्या दशकात हिंदुस्थानातल्या बाळंतिणींच्या मृत्यूंचे प्रमाण भयावह होते. भारतात दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. मार्गारेट बालफोर या मृत्यूंच्या कारणांची चौकशी करत होत्या. मुंबईत गरोदरपणात एक विचित्र रक्तक्षय दिसत होता. पोट वाढत जाई तशी बाई पांढरीफटक पडे, धाप लागे, अंगावर सूज येई आणि पुष्कळदा बाळंतपणाच्या आगेमागे ती दगावे. गरीब वस्त्यांत आणि गिरण्यांत राबणाऱ्या बायकांत हे अधिक होते. बालफोर यांनी या कामासाठी लुसी विल्स यांना बोलावले. १९२८ मध्ये त्या मुंबईत आल्या आणि प्लेगच्या लसीसाठी प्रसिद्ध असलेल्या परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम सुरू केले. मधल्या काळात त्यांनी नीलगिरीतल्या कुन्नूरला आणि मद्रासलाही काम केले, पण १९३३ पर्यंत त्यांचे मुख्य ठाणे परळच राहिले.

या रक्तक्षयातली खूण रक्ताच्या काचपट्टीवर दिसत होती. लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. इथे उलटे होते. पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. म्हणजे या बायकांना नुसते लोह देऊन भागणार नव्हते. मोठ्या पेशींचा असाच एक जीवघेणा रक्तक्षय युरोप-अमेरिकेत वयस्कर माणसांत आढळत असे. त्यावर कच्चे यकृत खाऊ घालण्याचा उपाय १९२६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी शोधला होता. मुंबईतला आजार तोच की वेगळा? संसर्गाने होतो की आणखी कशाने? कोणालाच नेमके सांगता येत नव्हते.

विल्स यांनी प्रयोगशाळेबरोबरच बायकांच्या स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. डॉ. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतल्या निरनिराळ्या थरांतल्या स्त्रियांचा आहार आणि राहणी यांची पाहणी केली. कोणाच्या जेवणात काय असते, भाज्या किती, फळे किती, दूध-अंडी-मांस किती, याची नोंद झाली. चित्र स्पष्ट होते. ज्यांचे जेवण सर्वांत निकृष्ट, त्यांच्यात हा रक्तक्षय सर्वाधिक. मुंबईत गरीब मुस्लीम स्त्रियांची अवस्था या बाबतीत सर्वांत वाईट होती. हातातला पैसा आणि ताटातले पदार्थ पाहिले की तिचा उलगडा होत होता.

पण आहार वाईट असणे आणि आहारामुळेच आजार होणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गरिबीत आहाराबरोबर अंधाऱ्या खोल्या, संसर्ग, जंत आणि कष्टही येतात. त्यामुळे विल्स यांनी पुढची पायरी घेतली. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांना त्यांनी या बायकांच्या जेवणासारखेच जेवण दिले. उंदरांना रक्तक्षय झाला आणि गाभण माद्या पिले होण्याआधीच मरू लागल्या. अन्नात यीस्ट मिसळले की त्या वाचत. सिद्धांत जमला असे वाटण्याजोगा हा निकाल होता. मात्र तपासात दिसून आले की उंदरांच्या अंगावरच्या उवांमुळे पसरणारा एक जंतू त्यांच्या रक्तक्षयाला हातभार लावत होता. विल्स यांनी ही गोष्ट लपवली नाही. आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांनी त्या जंतूचे नाव घातले आणि प्रयोग पुन्हा उभा केला, या वेळी माकडांवर. त्यात त्यांना डॉ. बिलिमोरिया यांची साथ होती. निकृष्ट जेवणावर ठेवलेल्या माकडांना मुंबईतल्या बायकांसारखाच मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला.

काळ्या लेपाची बाटली

उपचार म्हणून यकृताचा अर्क लागू पडत होता, पण तो महाग होता. गिरणीत दिवसभर उभी राहणारी बाई तो विकत घेऊ शकत नव्हती. आणि ज्या घरांत मांस वर्ज्य, तिथे तर प्रश्नच नव्हता. विल्स यांनी मार्माइट हा पदार्थ वापरून पाहिला. बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टपासून तयार होणारा हा काळपट, खारट, घट्ट लेप इंग्लंडमध्ये पावाला लावून खातात. तो स्वस्त होता आणि शाकाहारी होता. आजारी गरोदर बायकांना तो देताच काही दिवसांत फरक दिसू लागला. भूक परत आली, धाप कमी झाली आणि रक्तात नव्या तांबड्या पेशींची भर पडू लागली. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

यानंतरचे निरीक्षण आणखी महत्त्वाचे होते. यकृताचा साधा, कच्चा अर्क मुंबईच्या रुग्णांना गुण देई. पण तोच अर्क शुद्ध करून त्याचे इंजेक्शन दिले, तर पाश्चात्त्य देशांतल्या त्या जुन्या रक्तक्षयाचे रुग्ण बरे होत आणि मुंबईच्या बायकांना काहीच उपयोग होत नसे. म्हणजे हे दोन वेगळे आजार होते आणि दोन वेगळे घटक कमी पडत होते. शुद्धीकरणात गळून जाणारा आणि यीस्टमध्ये भरपूर असणारा तो अनोळखी घटक वैज्ञानिक जगात ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला जाऊ लागला. दुसरा घटक म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. ते १९४८ मध्ये वेगळे करता आले.

विल्स फॅक्टरची ओळख पटायला दहा वर्षे लागली. १९४१ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी सुमारे चार टन पालकाच्या पानांतून एक पदार्थ वेगळा केला. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड हे नाव पडले. तो प्रयोगशाळेत बनवता आला १९४५ मध्ये, अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत. तिथल्या संशोधनाची सूत्रे होती डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेल्या भारतीय शास्त्रज्ञाकडे. मुंबईतल्या गरीब बायकांच्या आजारापासून सुरू झालेला हा शोध एका भारतीयाच्या देखरेखीखाली गोळीच्या रूपात आला, हा योग विलक्षण आहे.

फोलेट शरीरात काय करते?

आपल्या हाडांतल्या मगजात दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात. एका पेशीच्या दोन होताना तिच्यातल्या जनुकीय द्रव्याची हुबेहूब प्रत काढावी लागते. त्या कामाला फोलेट लागते. ते कमी पडले की पेशी वाढत राहते, पण वेळेवर दुभंगत नाही. मग मोठ्या, अर्धवट पेशी तयार होतात आणि पुष्कळशा रक्तात येण्याआधीच नष्ट होतात. विल्स यांना काचपट्टीवर दिसलेल्या मोठ्या पेशींचे कारण हेच होते.

गरोदरपणात ही गरज एकदम वाढते. आईच्या रक्ताचे आकारमान जवळजवळ दीडपट होते. वार वाढते, गर्भाशय वाढते आणि बाळाची प्रत्येक पेशी दुभंगत असते. शरीरात फोलेटचा साठा थोडाच असतो, काही महिने पुरेल इतका. ताटात ते नसेल, तर बाळ आईच्या साठ्यातून ओढून घेते आणि आई रिकामी होत जाते. म्हणूनच दोन बाळंतपणांत अंतर थोडे असलेल्या बाईला धोका अधिक.

नंतरची वर्षे

१९३७-३८ मध्ये विल्स पुन्हा मुंबईला आल्या. या वेळी साउथहॅम्प्टनहून कराचीपर्यंत त्या विमानाने आल्या. त्या प्रवासाला पाच दिवस लागले. दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनमध्येच राहिल्या. बॉम्बवर्षावात रॉयल फ्री रुग्णालयाचे नुकसान झाले, तरी प्रयोगशाळेचे काम चालू राहिले. रेशनच्या त्या दिवसांत गरोदर स्त्रियांना लोहाची गोळी दिल्याने रक्ताची पातळी टिकते का, याचाही त्यांनी अभ्यास केला. आज गोळीत एकत्र असणारे दोन्ही घटक अशा रीतीने त्यांच्या हाताखालून गेले होते.

१९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या, पण थांबल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी जाऊन त्यांनी तिथल्या लोकांचे जेवण आणि रक्त तपासले. लंडनच्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविका म्हणूनही काम केले. त्यांनी लग्न केले नाही. ऐपत असूनही राहणी साधी ठेवली. मोटारीऐवजी सायकलवरून फिरणे त्यांना आवडे आणि डोंगर हा त्यांचा विरंगुळा होता. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शोधाचा एक मोठा लाभ त्यांच्या मृत्यूनंतर कळला. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. त्या वेळी अनेक बायकांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. नळी नीट मिटली नाही, तर बाळाच्या कण्यात किंवा मेंदूत गंभीर व्यंग राहते. असे एक बाळ आधी झालेल्या स्त्रियांनी पुढच्या गर्भधारणेपूर्वीपासून फोलिक ॲसिड घेतले, तर व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, असे १९९१ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीतून सिद्ध झाले.

भारताने १९७० मध्येच रक्तक्षय टाळण्यासाठी लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला. गोळी गावापर्यंत पोहोचली, पण प्रश्न सुटला नाही.

जंगलातल्या जिल्ह्यांत चार कारणे

‘रक्त कमी आहे’ एवढे कळले की आपण थांबतो. विल्स तिथून सुरुवात करत. रक्त कशामुळे कमी आहे, हे त्या शोधत. आपल्या भागात या प्रश्नाची किमान चार उत्तरे असू शकतात, आणि एकाच बाईत चारही एकत्र असू शकतात.

पहिले कारण लोहाची कमतरता. जेवण अपुरे, पोटात जंत, पाळीत जाणारे रक्त आणि पाठोपाठची बाळंतपणे यांमुळे ती होते. दुसरे फोलेट आणि ब-१२ ची कमतरता. धानाच्या पट्ट्यात जेवणाचा मोठा भाग भाताचा असतो. पांढऱ्या तांदळात फोलेट फारच थोडे. सोबतचे वरण पातळ आणि भाजी तोंडी लावण्यापुरती असली की ताट पोट भरते, रक्त भरत नाही.

तिसरे कारण मलेरिया. राज्यातल्या मलेरियाचा मोठा भार गडचिरोली जिल्ह्यावर आहे. मलेरियाचे जंतू तांबड्या पेशी फोडतात. फुटलेल्या पेशींच्या जागी नव्या बनवताना फोलेटचा साठा भरभर संपतो.

चौथे कारण सिकलसेल. पूर्व विदर्भात आदिवासी आणि इतरही समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकलसेलच्या रुग्णाची १० ते २० दिवसच. मगजाला सतत जादा काम करावे लागते आणि फोलेट जास्त लागते. म्हणून सिकलसेलच्या रुग्णांना डॉक्टर रोज फोलिक ॲसिड देतात. लोहाचे मात्र तसे नाही. अशा रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते, विशेषतः वारंवार रक्त चढवले असेल तर. त्यामुळे सिकलसेलग्रस्त गरोदर बाईने लोह किती घ्यावे, हे तपासणीनंतर डॉक्टरांनीच ठरवायचे असते. केवळ वाहक असलेल्या बाईला सहसा इतरांसारखेच उपचार लागतात, पण नवऱ्याचीही तपासणी करून घेणे आवश्यक आहे. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला बाळाला सिकलसेल आजार असण्याची शक्यता चारात एक असते. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.

बाई दवाखान्यात येण्याची वाट न पाहता तिच्या दारापर्यंत जायचे, ही रीत गडचिरोलीला नवी नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा आणि अमिर्झा या गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात तिचे निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्यातल्या फारच थोड्यांनी आधी कधी तपासणी किंवा उपचार घेतले होते. बाई तक्रार करत नाही म्हणून ती निरोगी आहे असे मानता येत नाही, हे या अभ्यासाने जगाला दाखवले.

ताटात काय असावे?

फोलेट हे नावाप्रमाणे पानांत असते, आणि पानांची आपल्याकडे वाण नाही. पावसाळ्यातला कोवळा तरोटा, चवळी, माठ, शेवग्याचा पाला, हरभऱ्याची भाजी, धोप्याची पाने, मेथी, पालक यांपैकी एक तरी भाजी रोज वाटीभर हवी. बरबटी, हरभरा, मूग, उडीद, तूर आणि शेंगदाणेही उपयोगी. वरण दाट करावे. अंडी, मासे, मांस चालत असेल तर आठवड्यातून काही वेळा जरूर खावे. ब-१२ केवळ प्राणिज अन्नातून मिळते, त्यामुळे शाकाहारी बाईने दूध-दही सोडू नये आणि डॉक्टरांना आपला आहार सांगावा.

शिजवण्यात एक काळजी घ्यावी. फोलेट पाण्यात विरघळते आणि फार उकळल्याने नष्ट होते. अंबाडीची भाजी उकडून, आंबट पाणी पिळून टाकून करण्याची आपली पद्धत आहे. चव त्याने येते, पण फोलेटचा बराच वाटा त्या पाण्याबरोबर जातो. अंबाडी आवडीने खावी, मात्र दिवसातली तीच एकमेव पालेभाजी असू नये. बाकीच्या भाज्या आधी धुऊन मग चिराव्यात आणि थोड्या पाण्यात झाकण ठेवून लवकर शिजवाव्यात.

गोळी कशी घ्यावी?

मूल होऊ द्यायचा विचार असेल तेव्हापासून आणि पहिले तीन महिने फक्त फोलिक ॲसिडची गोळी घेतात. चौथ्या महिन्यापासून लाल गोळी रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असते. पोटात फोलिक ॲसिड असते म्हणून बाळ अवाजवी वाढत नाही. उलट आईचे रक्त कमी असले तर बाळ कमी वजनाचे आणि वेळेआधी जन्मण्याचा धोका वाढतो.

मळमळ होत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर झोपताना घ्यावी. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर किंवा आवळ्याबरोबर लोह चांगले शोषले जाते. कोरा असो की दुधाचा, चहा गोळीच्या आधी आणि नंतर तासभर टाळावा. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. शौचाला काळे होणे हा लोहाचाच परिणाम आहे, त्याने अपाय होत नाही. बद्धकोष्ठता झाली तर पाणी, पालेभाजी आणि फळे वाढवावीत. जंताची गोळी चौथ्या महिन्यानंतर दवाखान्यातून मिळते.

औषधाइतकीच विश्रांतीची गरज असते. धानाची रोवणी, मोहफुले आणि तेंदूपत्ता यांचे दिवस बाईच्या पोटुशेपणाची वाट पाहत नाहीत, हे खरे. पण तासन्‌तास वाकून किंवा उन्हात काम करण्याची पाळी घरच्यांनी वाटून घ्यावी. दुपारी दोन तास डाव्या कुशीवर पडावे, जड ओझे उचलू नये. सुरुवातीला ओकारी येत असेल तर थोडे-थोडे पण वारंवार खावे. रात्री औषधी मच्छरदाणीतच झोपावे आणि ताप आल्यास त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत गरम जेवण मिळते. ते बाईने स्वतः खावे, घरी नेऊन वाटू नये. गाव दूर असेल, नदीनाल्याने वाट तुटत असेल, तर दिवस भरत आल्यावर आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघराची सोय आहे का, हे आधीच विचारावे.

बसल्या जागी धाप लागणे, छातीत धडधडणे, चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज, तीव्र डोकेदुखी, अंगावरून रक्त जाणे, अंगदुखीसह ताप किंवा बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकाला फोन करावा.

पुढच्या तपासणीला जाताना तीन गोष्टी विचारून याव्यात. माझे हिमोग्लोबिन किती आहे? गरोदरपणात ते ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय, आणि ७ च्या खाली असेल तर तो गंभीर मानतात. माझी सिकलसेल तपासणी झाली आहे का आणि निकाल काय? गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर त्याचे कारण काय? हा तिसरा प्रश्न विचारायला बाई संकोचते. लुसी विल्स यांचे सारे आयुष्य नेमका हाच प्रश्न विचारण्यात गेले, आणि त्याचे उत्तर मिळाले म्हणून आज ती गोळी आपल्या हातात आहे.